तलावावरचे पाहुणे निघाले

मोह फुलायला लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मामा तलावांवरचे हिवाळी पाहुणे परतीची तयारी करतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तलाव राहिले.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातो. भगवा चक्रवाकही उत्तरेला निघतो. एवढ्या वाटेसाठी अंगात चरबी हवी. ती ते आत्ताच, आटत्या पाण्याच्या काठावर चरून साठवतात. कुत्री-पोरांनी वारंवार उठवलं तर खाणं राहतं आणि ताकद उडण्यातच जाते.

कमळपक्षी मात्र इथलाच. पावसाळ्यात मादी तरंगत्या पानांवर अंडी घालते. उबवणं आणि पिलं सांभाळणं नराकडे!

म्हणून तलाव साफ करताना बेशरम मुळासकट काढा, पण कमळ आणि पाणगवत सगळं उपटू नका. त्यातच पक्ष्यांचं घरटं असतं, मासोळीची पिलंही तिथेच वाढतात. म्हणजे गटाची कमाईसुद्धा.

पक्षी बघायला ऊन वर आल्यावर, चारचौघी मिळून जा. वाघही पाण्यावर येतो. लांबूनच मोजा आणि गटाच्या वहीत तारखेसह लिहा. पुढच्या हिवाळ्यात किती परतले, ते त्यावरूनच कळेल.