अणुवीज प्रकल्पातल्या व्हॉल्व्हची चाचणी कधी करायची, हे प्रकल्प स्वतः का ठरवू शकत नाही?

घरातल्या कुकरला शिट्टीशिवाय आणखी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टी रोज वाजते, त्यामुळे ती बिघडली तर लगेच कळतं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो. शिट्टी तुंबेल त्या दिवशी तो काम करेल का, हे त्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं.

उमरेडसारख्या कोळशाच्या पट्ट्यात बॉयलरवर काम केलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. म्हणूनच बॉयलरची ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी होते आणि प्रमाणपत्राशिवाय तो चालवता येत नाही. अणुवीज प्रकल्पात हाच नियम कितीतरी कडक होतो. महाराष्ट्रात असा प्रकल्प पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आहे. तिथली पहिली दोन युनिट १९६९ पासूनची, म्हणजे देशातली सर्वांत जुनी.

चाचणीत नेमकं काय तपासतात?

मुख्यतः तीन गोष्टी. आदेश दिल्यावर व्हॉल्व्ह किती सेकंदांत उघडतो किंवा बंद होतो? बंद असताना त्यातून गळती होते का? आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तो ठरलेल्या दाबालाच उघडतो का? यातले अनेक व्हॉल्व्ह रोजच्या कामात हलतच नाहीत. ते चालतात याचा पुरावा फक्त चाचणीतून मिळतो.

मग चाचणी बदलायची कशाला?

कारण चाचणी फुकट नसते. वारंवार उघडझाप केल्याने व्हॉल्व्ह झिजतो. काही व्हॉल्व्हची चाचणी अणुभट्टी चालू असताना करता येत नाही. काही ठिकाणी जाऊन काम करायचं तर कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गाचा डोस घ्यावा लागतो. त्यामुळे मुदत वाढवण्याची मागणी दर वेळी कामचुकारपणाचीच असते असं नाही.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. तिथे मुख्य दाब-नियंत्रक सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी पाच वर्षांतून एकदा व्हायची. पुढे सहा वर्षांची मुदत घेण्याची सोय झाली, पण अट घालून: चाचणीनंतर व्हॉल्व्ह पूर्ण खोलून त्याचे भाग तपासायचे आणि मगच परत बसवायचा. म्हणजे चाचणी लांबली, पण देखभाल वाढली.

नियामक इतका खोलात का जातो?

दोन घटना बघू.

पहिली, २८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पात पाणी पुरवणारे मुख्य पंप बंद पडले. आणीबाणीचे पंप लगेच सुरू झाले, पण पाणी पुढे जाईना. वाटेतले दोन व्हॉल्व्ह बंद होते. दोनच दिवसांपूर्वी एका चाचणीसाठी ते बंद केले होते. हे लक्षात यायला आठ मिनिटं गेली. अपघात चिघळला तो वेगळ्या कारणाने: दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि कंट्रोल रूममधला दिवा मात्र तो बंद झाल्यासारखं दाखवत राहिला. दिवा फक्त बंद करण्याचा आदेश गेला एवढंच सांगत होता. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला.

दुसरी, ९ जून १९८५. ओहायोतल्या डेव्हिस-बेसे प्रकल्पात आणीबाणीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह चुकून बंद झाले आणि कंट्रोल रूममधून पुन्हा उघडेनात. कर्मचाऱ्यांनी जागेवर जाऊन ते हाताने उघडले. मोटरवरच्या स्विचचं सेटिंग चुकलेलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकी नियामकाने सर्व प्रकल्पांना सांगितलं, की मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष आणीबाणीच्या दाबाखाली चालतील हे दाखवा. दाब नसताना सहज हलणारा व्हॉल्व्ह खऱ्या दाबाखाली हलेलच असं नाही.

थोडक्यात, चाचणी स्वतःच धोका निर्माण करू शकते आणि पास झालेली चाचणीही फसवू शकते.

भारतात परवानगी कोण देतं?

अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. याची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ला झाली. प्रत्येक प्रकल्पासाठी एक तांत्रिक नियमावली असते. कोणत्या यंत्रणेची चाचणी किती दिवसांनी करायची, हे त्यात लिहिलेलं असतं. ही नियमावली एईआरबी मंजूर करते, त्यामुळे त्यातला बदलही तिच्याकडेच जातो. आधी प्रकल्पातली समिती प्रस्ताव तपासते, मग तो एईआरबीच्या समित्यांपुढे येतो. शिवाय दर दहा वर्षांनी संपूर्ण प्रकल्पाचा सुरक्षा आढावा होतो.

असा आढावा नुसता कागदावर राहत नाही, हे तारापूरला दिसलं. तिथल्या जुन्या दोन युनिटच्या काही यंत्रणा सामाईक होत्या. आढाव्यानंतर २००५-०६ मध्ये युनिट बंद ठेवून त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि आणीबाणीचे नवे डिझेल जनरेटर बसवले गेले.

बातमी आली तर काय बघायचं?

'अणुप्रकल्पात चाचण्या कमी केल्या' असा मेसेज फॉरवर्ड होऊन आला, तर घाबरण्याआधी आणि 'काही होत नाही' म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. मागच्या चाचण्यांमध्ये हे व्हॉल्व्ह किती वेळा नापास झाले? मुदत वाढवताना बदल्यात कोणती तपासणी वाढवली? चाचणी खऱ्या दाबाच्या परिस्थितीशी जुळते का? आणि चाचणीनंतर व्हॉल्व्ह मूळ जागी आणला की नाही, हे दुसऱ्या माणसाने पाहिलं का?

उत्तरं समाधानकारक असतील तर सहा वर्षंही चालतात. नसतील तर तीन महिनेही जास्त आहेत.