बंधाऱ्याच्या दगडावर कोण राहायला येतं?

तायांनो, अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगाव, रानगाव या आपल्या पट्ट्यात समुद्र सुरूची झाडं मुळासकट पाडतोय, हे कोणाला नव्याने सांगायला नको. गिरीज किनाऱ्यापासून थोडं आत आहे, पण वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं की खारं पाणी किती जवळ आलंय ते आपल्यालाही कळतं. म्हणून बैठकीत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय निघाला की सगळ्यांचे हात वर जातात. मागणी बरोबरच आहे. पण बंधारा कसा हवा, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी एक गंमत बघा. ओहोटीला जेट्टीच्या खांबाकडे पाहिलं तर खाली पांढरट, खरखरीत थर दिसतो. ती कालवं. कालवाचं पिल्लू डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक असतं. दोन-तीन आठवडे ते पाण्याबरोबर वाहत जातं आणि मग टणक जागा शोधतं. एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच! वाळू हलते, चिखलात ते रुततं, म्हणून त्याला दगड लागतो. नुसत्या वाळूच्या किनाऱ्यावर बंधाऱ्याचे दगड पडले की अशा चिकटून राहणाऱ्या जिवांना आयतं घर मिळतं. भरतीचं पाणी जिथवर नुसतं उडतं तिथे बारक्या गोगलगायी, मधल्या भागात कालवं, आणि खाली, दगड जास्त वेळ पाण्यात असतो तिथे, शेवाळ आणि स्पंज. शेवाळ आलं की ते खाणारे येतात, फटीत खेकडे शिरतात, त्यांच्या मागे मासे.

मग काय, बंधारा बांधला की मासळी वाढली? इतकं सोपं नाही. नैसर्गिक खडकात खड्डे असतात, ओहोटीला त्यात पाणी साठतं, कपारीत सावली असते. सरळ उभ्या, गुळगुळीत सिमेंटच्या भिंतीवर यातलं काहीच नसतं. उन्हात ती तव्यासारखी तापते आणि ठरावीक चिवट जीव सोडले तर बाकीचे टिकत नाहीत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात यावर साधा उपाय केलाय. जुन्या भिंतींवर खाचा, कंगोरे आणि पाणी साठेल असे खोलगट भाग असलेले सिमेंटचे तुकडे बसवले. तिथे साध्या भिंतीपेक्षा जास्त प्रकारचे जीव राहायला आले.

आपल्या मुंबईतही खडकावरच्या जिवांचा प्रश्न आला होता. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. त्यामुळे परवानगी घेऊन 2020 साली प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ असतात हेच बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

आता आपल्या पोटापाण्याचं. भिंतीवर कालवं आली म्हणून गेलेला वाळूचा किनारा भरून निघत नाही. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या गावाची धूप वाढू शकते. वाळूतल्या शिंपल्या जातात. जवळा सुकवायला, बोंबलाच्या वलांडी उभ्या करायला जागा उरत नाही. माझं मत विचाराल तर जिथे तिवरं वाढू शकतात तिथे आधी तिवरं. भिंतच लागणार असेल तर उतरती, मोठ्या ओबडधोबड दगडांची, आणि डोक्यावर पाटी घेऊन उतरता येईल अशा पायऱ्यांसकट. हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी मागावं लागतं. काँक्रीट ओतून झाल्यावर कोण ऐकतंय?

बंधाऱ्यावरची कालवं काढणाऱ्या मावश्यांसाठी एक महत्त्वाचं. कालव पाणी गाळून खातं, दिवसाला कित्येक लिटर. गटाराचं तोंड जवळ असेल तर त्यातले रोगजंतू त्याच्या अंगात साठतात. वरून ते कितीही भरलेलं दिसो, नाल्याजवळचं कालव खाऊ नका आणि विकूही नका. जुलाब-काविळीचं दुखणं घरी येतं.

कालवांचा धंदाच करायचा असेल तर रस्ता आहे. सिंधुदुर्गात महिला गटांनी बांबूच्या तराफ्यावरून खाडीत दोऱ्या सोडून कालवं वाढवली आहेत. रिकाम्या शिंपल्या दोरीत ओवायच्या, पिल्लं त्यांनाच येऊन चिकटतात. तत्त्व तेच, टणक जागा द्यायची. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत (2017) अशा कामाला गटांसाठी 90 टक्के अनुदान ठेवलं आहे, एकट्याने केलं तर 75. चौकशी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे करायची. ज्या गटांना यायचं आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत नावं द्या, आपण एकत्रच जाऊ.