द्राक्षाचे मणी आणि वाटीतला रुपया



उन्हाळ्याची सुट्टी लागली की दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला घरोघरी एकच आवाज येतो, "आई, दोन रुपये दे." कशाला ते विचारावं लागत नाही. दुकानातली लाल-पिवळी पेप्सी. पोरगं पिशवीचं टोक दातानं तोडतं, चोखायला लागतं, आणि पाच मिनिटांनी हातात पांढरा बर्फ उरतो. रंग आणि साखर आधीच पोटात गेलेली असते. असं का होतं, कधी विचार केलाय? साखरेचं पाणी साध्या पाण्यासारखं एकदम गोठत नाही. आधी पाणी-पाणी गोठतं आणि गोड पाक त्या बर्फाच्या फटींमध्ये पातळच राहतो. चोखलं की तो आधी निघून येतो. फळाच्या गरात तसं होत नाही. गर त्या गोडाला धरून ठेवतो, म्हणून गोठलेलं फळ शेवटच्या घासापर्यंत गोड लागतं.

आज हेच सांगायचंय. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, फार काही न घालता, फळांचा गारेगार खाऊ कसा करायचा. आणि तो करताना आमच्या हातून काय चूक झाली, तेही सांगणार आहे.

सुरुवात द्राक्षापासून करू. आपल्या तासगावच्या पट्ट्यात द्राक्ष काही नवलाईचं फळ नाही. बागेत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना माहीत आहे, पेटीत घड भरताना सुटे मणी किती गळतात. ते मणी पेटीत जात नाहीत, स्वस्तात मिळतात, कधी कधी मालक तसेच देतो. आपण ते ओच्यात आणतो, पोरं दोन दिवस खातात, तिसऱ्या दिवशी वास येतो आणि उकिरड्यावर जातात. तेच मणी गोठवले तर महिनाभर पुरतात.

आधी धुणं. द्राक्षावर फवारणी होते हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको, पंप पाठीवर घेणारे आपलेच लोक आहेत. शेवटची फवारणी कधी झाली ते बागेतच विचारा. फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे हे औषधाच्या लेबलावर लिहिलेलं असतं. घरी आणल्यावर देठ काढायच्या आधी मणी मोठ्या पातेल्यात घ्या, लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा टाका, दहा मिनिटं ठेवा. मग दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढा. वरचं बरंचसं यानं निघून जातं. जे सालीच्या आत मुरलं ते निघत नाही, म्हणून तर बागेत विचारायचं म्हटलं. फुटलेले, मऊ पडलेले मणी वेगळे करा.

धुतलेले मणी सुती कापडावर पसरून कोरडे करा. ही पायरी बायका टाळतात. ओले मणी डब्यात टाकले की सगळ्यांचा मिळून एक दगड होतो आणि मग तो सुरीनं फोडत बसावं लागतं. कोरडे मणी एका ताटलीत एकपदरी पसरा, ताटली बर्फाच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार तासांत गोटीसारखे होतात. मग ते झाकणाच्या डब्यात भरा. सुटेच राहतात, मूठभर काढायचे, बाकीचे परत आत.

एकपदरी का पसरायचे? फळ जेवढं सावकाश गोठतं तेवढ्या बर्फाच्या सुया आत मोठ्या होतात आणि फळाचा गर आतून फाडतात. पातळ थर लवकर गोठतो, सुया बारीक राहतात. तरी थोडं फाटतंच. म्हणून गोठलेलं द्राक्ष पूर्ण वितळू दिलं तर ते लिबलिबीत होतं. काढायचं आणि दोन-तीन मिनिटांत खायचं. सोनाका असो, काळी शरद असो, गोठल्यावर आतून सरबताच्या गोळ्यासारखं लागतं. चांगली पिकलेली घ्या मात्र. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे आंबट द्राक्ष गोठवलं तर जास्तच आंबट वाटतं.

एक गोष्ट मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी हसतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा मणी द्यायचा नाही. नुसताही नाही आणि गोठलेला तर मुळीच नाही. तो गुळगुळीत, गोल, आणि लहान मुलाच्या श्वासनळीच्या तोंडाएवढाच असतो. अडकला तर तोंडातून आवाजसुद्धा निघत नाही. उभे चार काप करा आणि मग गोठवा. आडवे काप नकोत, आडवा कापलेला अर्धा मणी पुन्हा गोलच राहतो. आणि मुलानं बसून खायचं, पळत नाही.

द्राक्षानंतर केळं. बाजारात शेवटी-शेवटी काळे डाग पडलेली केळी स्वस्त देतात, ती या कामाला सगळ्यांत उत्तम. साल काढूनच गोठवा. सालीसकट ठेवलं तर साल काळी पडून आतल्या गराला चिकटते आणि सोलता सोलत नाही. बोटभर जाड चकत्या करून रात्रभर ठेवा. सकाळी काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर मिक्सरची मोटर ओरडते, आणि दोन चमचे दूध किंवा पाणी घालून थांबून थांबून फिरवा. आधी भुगा होतो, वाटतं बिघडलं. आणखी थोडं फिरवा. मग एकदम आइस्क्रीमसारखं मऊ होतं. केळ्याचा गर मुळातच दाट, त्यामुळे बर्फाचे खडे दाताखाली येत नाहीत. साखर घालायची नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा यात साय किती घातलीस म्हणून विचारलं होतं. मिक्सर नसेल तर केळं आधीच कुस्करून ठेवा आणि तासा-तासानं चमच्यानं हलवा, तेवढं मऊ होत नाही पण चालतं.

चिकूचंही तसंच करता येतं, साल आणि बिया काढून. कलिंगड मात्र जवळजवळ सगळं पाणीच. ते नुसतं गोठवलं तर दगड होतो. त्याचा रस गाळून, लिंबू आणि किंचित काळं मीठ घालून कांडीच करायची. जांभळाचा गर हातानं बियांपासून सोडवा, मीठ-साखर घाला, वाटीत ओता. काचेच्या ग्लासात किंवा बरणीत काहीही गोठवू नका. पाणी गोठताना फुगतं आणि काच तडकते. स्टीलच्या वाट्या चांगल्या, त्याही काठापासून बोटभर रिकाम्या ठेवा. आंबट फळाला अॅल्युमिनियमचा साचा नको. काडी विकतची घ्या, खराट्याची नको. हसू नका, मी पाहिलंय.

सीताफळाबद्दल दोनच शब्द, कारण त्याचा हंगाम अजून लांब आहे. गर गरम करायचा नाही, कडवट होतो. आणि बिया एक-एक करून हातानंच काढायच्या, मिक्सरमध्ये फुटू द्यायच्या नाहीत. ती बी विषारी असते. तिची पूड करून पूर्वी उवा मारायला लावायच्या आणि ती डोळ्यांत गेली की डोळा जायची वेळ यायची.

आता पाणी. कांडीत जे पाणी घालाल ते उकळून गार केलेलंच हवं. "बर्फ होणारच आहे की, जंतू मरतीलच," असं बऱ्याच जणींना वाटतं. मरत नाहीत. थंडीत जंतू झोपतात. ऊब मिळाली की उठतात, आणि पोटात तर ऊबच ऊब. जे पाणी तुम्ही मुलाला नुसतं प्यायला देणार नाही, ते गोठवूनही देऊ नका. लादीच्या बर्फाचंही तेच. मासळी आणि दुधाचे कॅन गार ठेवायला जो बर्फ बनतो तो खाण्यासाठी नसतो. 2018 साली आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा बर्फात निळा रंग घालायला सांगितलं होतं, तो यासाठीच. निळसर दिसला तर गोळेवाल्याला तिथंच विचारा.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी नाराज होऊ नका. लादीचा बर्फ डब्याच्या बाहेरून वापरता येतो. जत्रेत पॉट आइस्क्रीम फिरवतात ती युक्ती. फोडलेला बर्फ तीन वाट्या तर खडे मीठ एक वाटी, या मापानं बादलीत थर द्यायचे आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मधोमध बसवायचा. मिठानं बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, बर्फापेक्षाही जास्त गार होतो. डबा फिरवत राहिलं, मधूनमधून उघडून कडेचं खरवडलं, तर आंब्याचा रस अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतो. खारं पाणी आत जाऊ देऊ नका, आणि त्यात हात घालून बसू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

आता ती चूक. मागच्या उन्हाळ्यात जत्रेला विकायच्या म्हणून आम्ही गटातल्या पाच जणींनी मिळून आंब्याच्या ऐंशी कांड्या केल्या होत्या, दूध घालून. तीन घरच्या फ्रिजमध्ये वाटून ठेवल्या. रात्री वारं सुटलं आणि लाईट गेली ती पहाटे आली. सकाळी बघितलं तर कांड्या कडक होत्या. पण काड्या तिरक्या झालेल्या, आणि रस तळाला पिवळा, वर पांढरा, असा वेगवेगळा बसलेला. म्हणजे रात्री सगळं वितळलं होतं आणि पहाटे पुन्हा गोठलं होतं. विकायच्या नाहीत हे आम्ही ठरवलं, आणि त्याबद्दल मला थोडं कौतुकही वाटलं आमचं. पण आठशे रुपयांचा माल टाकवेना. मग काय केलं? घरच्या पोरांना वाटल्या. परक्यांच्या पोरांना नको म्हणालो आणि आपल्या पोरांना दिल्या. मीही तिथंच होते, मी काही बोलले नाही.

त्या रात्री तीन घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन मुलं मीठ-साखरेच्या पाण्यावर सावरली, एकीच्या धाकट्याला सलाईन लावावं लागलं. कांडीमुळेच झालं असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण दूध रात्रभर कोमट पडून होतं आणि आम्हाला ते दिसलं होतं.

त्यानंतर गटातल्या एका काकूंनी बहिणीकडून एक युक्ती शिकून आणली. आता आमच्या सगळ्यांच्या फ्रिजमध्ये ती आहे. एका वाटीत पाऊण वाटी पाणी घालून बर्फ करा. पक्का झाला की वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी तिथंच राहू द्या. तुम्ही गावाला गेला, रात्री लाईट गेली, परत आली, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. रुपया सांगतो. वर असेल तर ठीक. तळाला बसला असेल तर मधल्या वेळात सगळं पाणी झालं होतं. आणि साखरेची वस्तू पाण्याच्या बर्फाच्या आधी वितळते, म्हणून रुपया बोटभर जरी खाली उतरला असेल तरी कांड्या वितळल्या होत्या असंच धरा.

मग काय करायचं? दुधाचं असेल तर टाका, मन घट्ट करून. नुसतं फळ असेल, तुम्ही वेळेवर बघितलं असेल आणि ते अजून हाताला चांगलं गार लागत असेल, तर लगेच साखर घालून शिजवा, जॅम करा. पुन्हा गोठवायचं नाही. आणि लाईट गेल्यावर पोरांनी 'बघू वितळलंय का' म्हणून दार उघडण्यानंच निम्मं वितळतं. दाराला ओढणी बांधा हवं तर.

विकायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पहिल्या वर्षी दुधाच्या वाटेला जाऊ नका. द्राक्ष, कलिंगड, जांभूळ, एवढंच. घरातून विकलं तरी खाद्यपदार्थ म्हणून सरकारी नोंदणी लागते, ती आधी करा. ऑनलाइन होते, गटातल्या कुणाच्या शिकलेल्या मुलीला बसवा. प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख लिहा. भाव लावताना फळ आणि साखर सगळे धरतात, विजेचं बिल आणि आपली दुपार कुणी धरत नाही. आम्हीही धरली नव्हती, म्हणून तर आठशे रुपये फार मोठे वाटले.

किती दिवस टिकतं, असं बऱ्याच जणी विचारतात. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा फार थंड नसतो, आणि दार सारखं उघडतं. महिनाभरात संपवा. नंतर फळाला वरून पांढरा कोरडेपणा येतो आणि शेजारच्या मासळीचा वासही लागतो.

वाटीतल्या बर्फासाठी मात्र नळाचं पाणी चालेल, ते कुणी खाणार नाही. फक्त लहान मुलांना सांगून ठेवा, आमच्याकडचा रुपया दोनदा पेप्सीला गेला.