ताई कुणाची कोण?

जामसांवलीला पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला मराठी आणि हिंदी एकाच रांगेत उभ्या असतात. पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख १९५६ साली मध्य प्रदेशात राहिला, नागपूर मुंबई राज्यात गेले. घरांतली मराठी मात्र जागची हलली नाही. त्या रांगेत एका नागपुरी तरुणाने पुढल्या बाईंना अदबीने म्हटले, "ताई, जरा सरकता का?" तिशीतल्या त्या बाई उसळल्या, "मैं ताई दिखती हूँ?"

त्यांचे तरी काय चुकले? हिंदीत ताई म्हणजे ताऊंची बायको, थोरली काकू. कानडीत तर ताई म्हणजे आई. तमिळमधली 'ताय्'ही आईच. किशोरी आमोणकरांना सारे ताई म्हणत. धारवाडच्या रसिकाला त्यात आई ऐकू आली असेल, तर शिष्यांची त्याला हरकत नसावी.

आमच्या ग्वाल्हेरात मात्र अशा घोटाळ्यांना कंटाळून ताईची 'दीदी' झाली. शेजारणीला खुशाल म्हणावे. पण पाठच्या भावानेही थोरल्या बहिणीला दीदी म्हणावे? माझ्या गाण्याच्या वर्गात मी मोठ्या मुलींना ताईच म्हणवतो. हिंदी घरची नवी मुलगी आधी खुदकन हसते. आठवड्याभरात तीही म्हणू लागते.