आधी सांगाडा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

गंजलेली जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचीय? नवशिक्यांनी सुरुवात कुठून करायची, त्याची ही गोष्ट.

परळीहून बीडच्या रस्त्याला लागलं की वाटेत सिरसाळा लागतं. या पट्ट्यात कुठंही फिरा, आखाड्यावर, गोठ्यामागं नाहीतर बाभळीखाली एखादी तरी पिकअप उभी दिसते. टायर बसलेले, बोनेटवर कोंबड्या, हौद्यात कडबा. घरचे म्हणतात, ‘देऊन टाका भंगारात.’ आणि घरातलं कॉलेजला जाणारं कुणीतरी म्हणतं, ‘थांबा, मी करतो चालू!’ किंवा ‘करते चालू!’ आजचा लेख या ‘थांबा’ म्हणणाऱ्यांसाठी.

रीलमध्ये अर्ध्या मिनिटात गंजकी गाडी चकाचक होते. प्रत्यक्षात असं होत नाही. कामाला एक क्रम असतो आणि तो चुकला की सगळे पैसे रंगात जातात, गाडी मात्र जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती हलते, पण थांबत नाही. आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात फक्त कापूस आणि खताची पोती जात नाहीत. नियमात बसत नसलं तरी बाजाराला, लग्नाला, ऊसतोडीला माणसंही जातात. त्यामुळे हा नुसता छंद नाही, जबाबदारी आहे.

आपल्याच राज्यातली गाडी

मालवाहू गाडी आणि महाराष्ट्र हे नातं जुनं आहे. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं जर्मन कंपनीशी करार करून तीनचाकी टेम्पो आणला. तो इतका रुळला की आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’च म्हणतो. पुढं टाटाची ४०७ आली १९८६ मध्ये, आणि ‘छोटा हत्ती’ २००५ मध्ये. याचा आपल्याला फायदा काय? या गाड्या लाखांनी रस्त्यावर आहेत. पार्ट मिळतात, जुने मिस्त्री हयात आहेत आणि त्यांना या गाड्या तोंडपाठ आहेत.

नवशिक्याला जमेल का? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातले पार्ट जोडून त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला, आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. पण ती जीप नियमात बसत नाही, हे महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं. म्हणजे कौतुक वेगळं आणि रस्त्यावर चालवायची परवानगी वेगळी. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी कागद हातात घ्या.

पहिलं काम : कागद

आरसी बुक शोधा. त्यावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघा. गंजात अक्षरं दिसत नसतील तर तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं साफ करा. तिथं ग्राइंडर लावला तर नंबरच पुसला जाईल. कर्जाचा बोजा उतरवलाय का, दंड थकलाय का, तेही पाहा.

मालवाहू गाडीला फिटनेस लागतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. १५ वर्षांपुढच्या गाड्यांची फीसुद्धा २०२२ पासून बरीच वाढलीय. ‘व्हिंटेज’ म्हणून सूट मिळेल अशी आशा नको. २०२१ चा तो नियम ५० वर्षांवरच्या आणि व्यावसायिक नसलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. आपल्या भागाला एमएच ४४ नंबर देणारं अंबाजोगाईचं कार्यालय आहेच. तिथं एक चक्कर मारून नेमका खर्च काढा आणि तो वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

गंज चेहऱ्यावर की हाडात?

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचा मेळ. क्षार मिळाले की तो झपाट्यानं पसरतो, म्हणूनच कोकणातल्या गाड्या खाऱ्या हवेनं लवकर सडतात. आपल्याकडं हवा कोरडी, पण चेसीच्या खाचांत काळ्या मातीचा चिखल बसतो आणि ओल धरून ठेवतो. हौद्यात खत सांडतं, तेही पत्रा खातं.

त्यामुळे आधी गाडी खालून धुवा. मग लहान हातोडी आणि जुना पेचकस घ्या. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे. भद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा पेचकस आत घुसला तर ते सडलंय. केबिनमधली मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराची खालची कड, काचेच्या रबराखालची पट्टी आणि हौद्याचा तळ बघा. सगळ्यात नीट बघायची ती चेसी, विशेषतः पाटे जिथं बसतात ती जागा.

पत्र्याला भोक असेल तर तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो. चेसी सडली असेल तर तिथं आपला हात चालवू नका. अनुभवी मिस्त्रीला दाखवा. लांबी भरून, वरून रंग मारून चेसी लपवणं म्हणजे पुढच्याचा जीव धोक्यात घालणं.

इंजिन : घाईनं सेल्फ मारू नका

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरा. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर आणि ऑइल बदला, रेडिएटरमध्ये पाणी आहे का बघा. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. सहज फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. डिझेलच्या लाइनमधली एअर काढूनच सेल्फ मारा.

इंजिन चालू झालं की घरात पेढे वाटतात. पण गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे जुनं सगळं काढून टाका. चाकातल्या सिलिंडरचे रबर आणि गंजलेल्या नळ्या बदला. टायरची नक्षी किमान १.६ मिमी हवीच, आणि नक्षी असूनही रबर तडकलं असेल तर टायर बाद.

तीन गोष्टी विसरू नका. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, घोडी लावायचीच. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या. आणि डिझेल टाकीजवळ वेल्डिंग नाही. टाकी रिकामी असली तरी आतल्या वाफेचा भडका उडू शकतो.

आता रंग

तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरनं घासून लोखंड उजळ करा. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावा. हातमोजे घालून. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका. त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. मग गरजेपुरती पातळ लांबी, पुन्हा घासकाम आणि शेवटी रंग. रंग मूळचाच ठेवला तर बरं. आरसीवर रंगाचीही नोंद असते.

आणि नाहीच जमलं तर?

कागदाचा, चेसीचा, ब्रेकचा आणि टायरचा खर्च एकत्र मांडा. तो तशाच चालू गाडीच्या बाजारभावापुढं जात असेल तर भंगार हाही शहाणपणाचा निर्णय आहे. मात्र भंगारवाल्याकडे गाडी तशीच देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडीचे तुकडे झाले तरी कागदावर मालक तुमचे वडीलच राहतात.

हे काम आवडलं, तर आयटीआयला मोटार मेकॅनिक व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ते पुढचं पुढं. या रविवारी फक्त कोंबड्या हाकला, हौद्यातला कडबा काढा, टॉर्च घेऊन गाडीखाली वाका आणि हातोडीनं ठोकून बघा. एवढ्याला एक रुपयाही लागत नाही आणि पुढचं सगळं त्या आवाजावर ठरतं.