'डबल ऑर्डर' : दोन शब्द आणि 40 जादा बॉक्स



दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एका ऑफिसची 40 ड्रायफ्रूट बॉक्सची ऑर्डर माझ्याकडे होती. दुपारी त्यांचा इंग्रजीत मेसेज आला, 'डबल ऑर्डर, प्लीज चेक.' मी खूश! पोरांना म्हटलं, आणखी 40 भरा. रात्री अकरापर्यंत बसून 80 बॉक्स तयार केले.

सकाळी फोन. "अहो, आमच्याकडून तीच ऑर्डर दोनदा गेलीय, एक रद्द करा, म्हणून कळवलं होतं!"

झालं! त्यांनी 'डबल' हे विशेषण म्हणून लिहिलं होतं, मी क्रियापद म्हणून वाचलं. त्यांचा अर्थ 'दोनदा आलेली ऑर्डर', माझा अर्थ 'ऑर्डर दुप्पट करा'. दिवाळीनंतर ते बॉक्स फोडून माल सुटा विकला. पॅकिंगचा खर्च आणि पोरांची मेहनत पाण्यात.

आता बघा, मराठीत हा घोळ होत नाही. इंग्रजी शब्द घेतला तरी आपण पुढे 'करा' किंवा 'झाली' लावतो. 'ऑर्डर डबल करा', 'ऑर्डर डबल झालीय'. इंग्रजीत मात्र शब्द तसाच राहतो, काम बदलतं. एकट्या 'डबल'ची चार कामं आहेत:

विशेषण : डबल बेड
क्रियापद : 'वी विल डबल द ऑर्डर', म्हणजे ऑर्डर दुप्पट करू
नाम : सिनेमात हिरोच्या जागी उडी मारणारा त्याचा 'डबल'
क्रियाविशेषण : 'फोल्ड इट डबल', म्हणजे दुहेरी घडी घाला

मग ओळखायचं कसं? शब्दाच्या आजूबाजूला बघा. दुकानातलाच शब्द घेऊ, 'स्टॉक'. 'द स्टॉक इज लो' : आधी 'द' आहे, इथे स्टॉक नाम. 'वी स्टॉक काजू' : 'वी' काय करतात? काजू विक्रीला ठेवतात. म्हणजे क्रियापद. 'स्टॉक रजिस्टर' : पुढच्या नामाबद्दल सांगतो, म्हणजे विशेषणाचं काम. आधी 'टू', 'विल' किंवा 'प्लीज' दिसलं, तर बहुतेक वेळा क्रियापदच. 'प्लीज बुक द टेम्पो' म्हणजे टेम्पो बुक करा, वही नव्हे!

फोनवर आणखी एक खूण मिळते. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या भागावर.

पण 'डबल ऑर्डर'सारख्या तुटक मेसेजमध्ये ना 'द' असतं, ना 'विल'. तिथे व्याकरण नाही, प्रश्नच वाचवतो. त्या दिवशी मी एवढंच विचारायला हवं होतं, "एकूण 80 बॉक्स करायचे ना?"

तेव्हापासून आमच्या दुकानात नियम आहे : आकडा लिहून घेतल्याशिवाय माल भरायचा नाही. आणि आपण मेसेज पाठवताना पूर्ण वाक्य लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल.

आजचा गृहपाठ : ग्राहकांचे शेवटचे पाच मेसेज उघडा. दोन अर्थ निघणारा एखादा सापडला, तर आत्ताच फोन करा. माल भरायच्या आधी!