विचारल्यावर मिळणारा आकडा

महिन्याचा शेवटचा दिवस शनिवारी आला होता. न्यू जर्सीतल्या रूट २२ वर गाड्यांची शोरूम्स ओळीने लागतात, त्यांपैकी एकीत मी आणि माझा भाचा संध्याकाळी पावणेसहाला एका गोल टेबलाशी बसलो होतो. या राज्यात रविवारी गाडी विकायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे महिन्याचा हिशेब त्या रात्रीच मिटणार होता. ठरलेल्या संख्येइतक्या गाड्या गेल्या की कंपनीकडून डीलरला बोनस मिळतो, म्हणून अशा संध्याकाळी शोरूममध्ये फार लगबग असते आणि गिऱ्हाइकाचं पारडं थोडं जड असतं. भाच्याला गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने, घ्यायची होती आणि आम्ही तो दिवस मुद्दाम निवडला होता.

"महिन्याला किती परवडेल तुम्हाला?" सेल्समनने भाच्याला विचारलं. त्याचा मॉनिटर त्याच्या बाजूला वळलेला होता, आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

भाचा 'साडेचारशे' म्हणणार, त्याच्या आत मी म्हटलं, "आधी गाडीच्या किमतीचं बोलू. हप्त्याचं नंतर."

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. ओळखीतल्या नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर शोरूममध्ये जाऊन बसायचं, हे काम गेली काही वर्षं आपसूक माझ्याकडे आलं आहे. यातला पहिला धडा मात्र मी स्वतःचे पैसे घालवून शिकले. माझ्या पहिल्या लीजला हप्ता कमी व्हावा म्हणून मी ३,००० डॉलर सुरुवातीलाच भरले होते. चौथ्या महिन्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीवर ट्रक आदळला आणि ती भंगारात गेली. विम्याचे पैसे लीज कंपनीला मिळाले, कारण गाडी तिची. माझे ३,००० डॉलर गेले ते गेलेच. मला कोणी खोटं सांगितलं नव्हतं. लीजवर मोठी रक्कम आधी भरू नये, एवढं मात्र त्या टेबलापलीकडच्या कोणी सांगितलं नाही.

लीज म्हणजे काय, हे सराफाच्या दुकानात बसल्यासारखं समजून घ्यावं. आई मला दागिना घ्यायला नेताना बजावायची, की सोन्याचा भाव वेगळा विचार, घडणावळ वेगळी विचार, एकत्र आकडा सांगितला तर उठून ये. लीजच्या हप्त्यातही असेच दोन भाग असतात. पहिला भाग घसाऱ्याचा. गाडीची आजची ठरलेली किंमत आणि मुदतीअखेर तिची धरलेली किंमत, म्हणजे रेसिड्युअल, यांतला फरक महिन्यांवर वाटला जातो. दुसरा भाग व्याजाचा. लीजमध्ये त्याला व्याज न म्हणता 'मनी फॅक्टर' म्हणतात आणि तो ०.००२५ असा इतका बारीक लिहितात की माणसाला तो क्षुल्लक वाटतो. त्याला २,४०० ने गुणलं की वार्षिक व्याजदर निघतो. ०.००२५ म्हणजे ६ टक्के.

यातलं रेसिड्युअल लीज देणारी कंपनी ठरवते, तिथे घासाघीस चालत नाही. गाडीची किंमत मात्र ठरवता येते, आणि मनी फॅक्टरवर डीलरने स्वतःची भर घातली असेल तर ती काढायला लावता येते. हप्ता या सगळ्यांतून शेवटी निघतो. तो आधी ठरवला की बाकीचे आकडे मागच्या मागे हवे तसे फिरवता येतात.

आमच्या समोरच ते घडलं. काचेवरच्या स्टिकरवर गाडीची किंमत ३४,००० होती. हे स्टिकर लावणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं आहे आणि त्या कायद्यामागच्या सिनेटरच्या नावावरून त्याला मन्रोनी स्टिकर म्हणतात. सेल्समनने एक कोरा कागद घेतला, जाड मार्करने मधोमध अधिकचं चिन्ह काढून त्याचे चार चौकोन केले आणि एका चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ५५२. छत्तीस महिने, कर वेगळा.

भाच्याचा चेहरा पडला. सेल्समनने तो पाहिला. "मॅनेजरशी बोलून बघतो," म्हणून तो उठला. दहा मिनिटांनी परतला तो हसत. ५५२ वर काट मारून त्याने लिहिलं, ४९८. आणि शेजारच्या चौकोनात, जरा लहान अक्षरांत, १,८००.

"मावशी, चोपन्न डॉलर कमी केले त्याने!" भाचा हळूच मराठीत म्हणाला.

मी फोनवर हिशेब करून त्याच्यापुढे सरकवला. १,८०० भागिले ३६ म्हणजे महिन्याला ५०. वर तेवढ्या रकमेचं वाचलेलं व्याज साडेचार. झाले चोपन्न. गाडीची किंमत एका डॉलरनेही उतरली नव्हती. भाच्याचेच पैसे आधी मागून त्यालाच महिन्यामहिन्याने परत दिले जात होते, आणि ते 'सूट' वाटावेत म्हणून दहा मिनिटं आणि एक मॅनेजर खर्ची पडला होता.

मग पुढची खेळी. वर्षाला १२,००० मैलांऐवजी १०,००० मैल घेतले तर हप्ता आणखी नऊ डॉलरने उतरेल, असं त्याने सुचवलं. हे खरं होतं, कारण गाडी कमी चालली की तिचं रेसिड्युअल वाढतं. पण भाच्याचं ऑफिस बावीस मैलांवर आहे. रोजचे चव्वेचाळीस मैल, वर्षाचे दोनशे चाळीस दिवस, म्हणजे नुसत्या कामाचेच १०,५६० मैल. त्यात किराणा, मित्र, पावसाळी शनिवार धरले की १२,००० होतातच. करारात जादा मैलाला २० सेंट लिहिलेले होते. तीन वर्षांत ६,००० मैल जास्त झाले तर शेवटी १,२०० डॉलरचं बिल, आणि वाचले किती, तर जेमतेम सव्वातीनशे. सेल्समनने भाच्याला 'तुमचं ऑफिस किती लांब आहे' हे एकदाही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

"आम्हाला चार आकडे हवे आहेत," मी म्हटलं. "विक्रीची किंमत, रेसिड्युअल, मनी फॅक्टर आणि सगळ्या फिया. हप्ता आम्ही काढू."

तो थोडा थांबला. मग किमतीवर बोलणं सुरू झालं. शेजारच्या गावातल्या डीलरने ईमेलवर दिलेला भाव आमच्याकडे छापील होता. तो टेबलावर ठेवल्यावर अर्ध्या तासात गाडी ३२,००० वर आली. लीज कंपनीची ६९५ ची फी धरून झाले ३२,६९५. रेसिड्युअल स्टिकरच्या ५८ टक्के, म्हणजे १९,७२०. घसाऱ्याचे महिन्याला ३६० झाले. नव्या हप्त्याचा त्याचा आकडा होता ४९१. उरलेले १३१ व्याजाचे. त्यावरून मनी फॅक्टर निघाला ०.००२५.

"लीज कंपनीचा मूळ दर किती आहे?" मी विचारलं.

"यांचं क्रेडिट तसं नवीन आहे..."

"क्रेडिट स्कोअर सातशे चाळीस आहे," भाचा म्हणाला. तीन वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आल्यापासून त्याने एकही बिल चुकवलेलं नाही, आणि हे वाक्य तो सरळ बसून बोलला.

सेल्समन क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात लांब करून मॉनिटर आमच्याकडे वळवला. मूळ दर तिथे लिहिलेला होता, ०.००२१. म्हणजे ५ टक्के. वरचा एक टक्का डीलरने घातला होता. ही भर बेकायदा नाही, करारात ती वेगळी दाखवायलाही लागत नाही. ती काढल्यावर हप्ता ४७० झाला. महिन्याला एकवीस डॉलर, छत्तीस महिन्यांत ७५५. आणि पहिल्या ५५२ पासून मोजलं तर २,९०० च्या वर. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलाला ही रक्कम लहान नाही.

यानंतर फायनान्सची खोली येते. दोन-अडीच तासांनी माणूस दमलेला असतो, गाडी बाहेर धुऊन उभी असते, आणि तेव्हा एक शांत, सभ्य माणूस एकेक कागद पुढे करतो. वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण, टायर आणि रिमचा विमा, काचेवर कोरलेला नंबर. प्रत्येकाचा आकडा महिन्याच्या भाषेत, 'फक्त चौदा', 'फक्त अठरा'. भाच्याच्या गाडीला कंपनीची वॉरंटी तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची होती. त्याची लीज तीन वर्षांची, ३६,००० मैलांची. गाडी ज्या दिवशी परत जाणार, त्याच दिवसापर्यंत वॉरंटी. तिच्यापुढची वॉरंटी त्याने कोणासाठी विकत घ्यायची? मी एवढंच विचारलं आणि तो कागद बाजूला गेला. टायरच्या विम्यावर मात्र मी गप्प राहिले. न्यू जर्सीत हिवाळ्यानंतर रस्त्यांना खड्डे पडतात आणि रिम महाग असतात, तेव्हा तो निर्णय त्याचा. त्याने नको म्हटलं.

अमेरिकेत लीजसाठी १९७६ पासून केंद्रीय कायदा आहे. त्यामुळे करारात गाडीची धरलेली किंमत, रेसिड्युअल आणि मुदतभराचा 'रेंट चार्ज' छापावाच लागतो. मनी फॅक्टर छापायची सक्ती मात्र नाही. रेंट चार्ज महिन्यांनी भागायचा, मग धरलेली किंमत आणि रेसिड्युअल यांच्या बेरजेने भागायचा, की तो निघतो. सहीआधी पाच मिनिटं मागून हा भागाकार करावा, हे मी प्रत्येकाला सांगते. गाडीच्या डीलरांनी किमती आणि जोड-वस्तू याबाबत फसवू नये, यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये एक नियम जाहीर केला होता. डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केला. तेव्हा भागाकार आपल्यालाच करायचा आहे.

नऊ वाजत आले होते. सेल्समन किल्ली द्यायला बाहेर आला. पार्किंगमधल्या दिव्याखाली तो दमलेला दिसत होता. अशा सौद्यात डीलरचा नफा उरत नाही, तेव्हा त्याला किमान ठरलेलं कमिशनच मिळतं, हे त्याने तक्रार न करता सांगितलं. मग भाच्याला ब्लूटूथ जोडून दिला, सीट बसवून दिली, पहिली सर्व्हिस कधी ते सांगितलं, आणि जाता जाता म्हणाला, "कंपनीकडून सर्व्हे येईल. दहापैकी दहा दिले नाहीत तर आमच्यासाठी ते नापासच असतं."

सोमवारी सर्व्हे आला. "मावशी, किती देऊ?" भाच्याने फोनवर विचारलं.

मी विचार केला. तो माणूस आमच्याशी एकही शब्द खोटं बोलला नव्हता. जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं, शेवटी मॉनिटरही वळवला. पण जे विचारलं नाही ते त्याने सांगितलं नाही, आणि त्या टेबलाशी माझ्याशिवाय भाचा एकटा असता तर २,९०० डॉलर जादा देऊन, आभार मानून घरी आला असता. असे एकटे बसणारे बहुतेक जण नवे असतात. कोणाला भाषेची भीती, कोणाला भाव करायची लाज, आणि ज्याला प्रश्न माहीत नाही त्याला उत्तर महागात पडतं. पोटावर पाय येत असताना खरं सांगणं किती अवघड आहे, हे मला कळतं. तरीही ज्याने विचारलं नाही त्यालाही जो ऑफिस किती लांब आहे ते विचारेल आणि मूळ दर सांगेल, त्यालाच मी प्रामाणिक म्हणेन.

"दहा दे," मी म्हटलं. "त्याची नोकरी त्यावर आहे. पण खाली लिहायला जागा असेल, तिथे लिही, की सगळे आकडे मिळाले, विचारल्यावर."